लेख, शिक्का आणि रुमाल

कै. वासुदेवशास्त्री खरे यांचा 'ऐतिहासिक लेखसंग्रह' पुनः चाळण्याचा योग नुकताच आला. मिरजेस अध्यापन करीत असतां शास्त्रीबोवांनीं पटवर्धनांच्या दफ्तरांतील मोडी पत्रें निवडून १८९७ पासून बाळबोधींत छापिलीं. या ग्रंथाचें ऋण मोठें आहे, हें वाचकांस सांगावयास नको. तथापि ऋण मान्य करूनही उणीव दाखविणें टीकाकारास प्राप्त आहे. ही उणीव एकट्या शास्त्रीबोवांची नव्हे. आपल्या बहुतेक छापील संग्रहांची आहे. आपण मजकूर जपला, पण कागद विसरलों.

मराठी कागद केवळ मजकुरानें बोलत नाहीं. राजपत्राच्या माथ्यावर शिक्का असे. शेवटीं मोर्तब असे, तें याखालीं कोणीं अक्षर वाढवूं नये म्हणून. बंद जोडून लांबविलेल्या कागदाच्या सांध्यावरही शिक्का उमटवीत, तो मधला बंद कोणीं बदलूं नये म्हणून. कारभार पुण्यास गेल्यावरही पेशव्यांच्या शिक्क्यांत साताऱ्याच्या छत्रपतींचें नांव आधीं व स्वतःचें मागाहून येई. राज्यव्यवहाराचें केवढें मर्म त्या चार ओळींत सांठलें आहे! खाजगी पत्रांत तर पुष्कळदां तिथि असते, पण साल नसतें. तेथें पैवस्तीचा शेरा आणि पत्र ज्यांत बांधलें होतें तो रुमाल, हेच साक्षीदार. छापील पानावर मात्र 'शिक्का', 'मोर्तब सूद' एवढे शब्द उरतात. कित्येकदां तेही नाहींत.

येथें एक दूरचा दाखला द्यावासा वाटतो. सुमारें चार हजार वर्षांपूर्वीं अश्शूर नगरीचे व्यापारी आजच्या तुर्कस्थानांतील कानेश येथें गाढवांवरून कथील व कापड नेत. कर्जरोखा ते ओल्या मातीच्या पाटीवर लिहीत, तिला मातीचेंच वेष्टण घालीत, आणि त्यावर साक्षीदार आपल्या लाटण्यासारख्या गोल मुद्रा फिरवीत. तंटा पडल्यास वेष्टण फोडून आंतला लेख पाहावा, अशी ती व्यवस्था. आरंभीं या पाट्या बाजारांत विकल्या गेल्या. कोणती कोणत्या घरची, हें कळण्याचा मार्ग राहिला नाहीं. १९२५ सालीं ह्रोज्नी या चेक पंडितास मूळ जागा सांपडली. पुढें १९४८ पासून तुर्की संशोधकांनीं तेथें शिस्तशीर उत्खनन केलें. तेव्हां कोठें एकेका घरचें दफ्तर त्या घरच्या माणसांसह उभें राहूं लागलें.

आपल्याकडे रावबहादुर पारसनिसांनीं साताऱ्यास जमविलेला संग्रह १९३९ सालीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत गेला. कागद वांचले, हें भाग्यच. परंतु कागद वांचणें निराळें आणि त्याची साक्ष वांचणें निराळें. सातारा-सांगलीकडे ज्या घरीं अद्याप जुने रुमाल असतील, त्यांनीं ते सोडतांना आंतील कागदांचा क्रम टिपून ठेवावा. छायाचित्रें घ्यावयाचीं तर पाठीचीं व सांध्यांचींही घ्यावीं. शास्त्रीबोवांपाशीं हीं सुलभ साधनें नव्हतीं. आपल्यापाशीं आहेत; म्हणून आपली चूक त्यांच्याइतकी क्षम्य ठरणार नाहीं.