कळपाचा छळ, जोडप्याची माफी

मोठ्या वाड्याच्या मागच्या अंगाला, अडगळीच्या खोलीत एक मुलगी राहते. आईबाप नाहीत, किंवा होते पण गद्दार ठरले. पहाटे उठून ती साऱ्या कळपाचा स्वयंपाक करते, भांडी घासते. शाळेत गेली की कळपप्रमुखाचा देखणा मुलगा चार मित्रांना घेऊन तिची टर उडवतो, तिला ढकलतो. मग तिला अठरावे लागते. त्या रात्री तिच्या अंगातली लांडगी जागी होते, एक मोहक वास येतो आणि त्याचा माग काढत ती जिथे पोहोचते तिथे उभा असतो तोच. चंद्रदेवीने दोघांची गाठ आधीच बांधून ठेवलेली. तो सगळ्यांसमोर तिला नाकारतो. ती परागंदा होते, बहुधा पोटुशी. काही वर्षांनी ती रुबाबात परतते, तो गुडघे टेकतो, आणि वाचकाला जे पहिल्या पानापासून ठाऊक असते ते शेवटच्या पानावर घडते.

माणसाचा लांडगा, बिबळ्या किंवा अस्वल होणाऱ्या नायकांच्या इंग्रजी प्रेमकथांचे, म्हणजे ‘शिफ्टर रोमान्स’चे, आजचे सर्वांत खपाऊ कथानक हे आहे. वॉटपॅड या हौशी लेखनाच्या संकेतस्थळावर ते रुजले, मग प्रकरणागणिक पैसे घेणाऱ्या अ‍ॅपांनी त्याचा कारखाना केला. मोबाइलवर दुसरेच काही पाहत असताना मध्येच डोळे वटारलेला ‘अल्फा’, म्हणजे कळपाचा म्होरक्या, आणि रडणारी मुलगी दिसली असेल, तर ती जाहिरात याच मालाची. छळ आणि क्षमा हे या प्रकाराचे दोन खांब. त्यातला छळाचा खांब भक्कम उभारला जातो. क्षमेचा मात्र रंगवलेल्या पुठ्ठ्याचा असतो, अशी माझी तक्रार आहे.

छळणाऱ्या नायकाला माफ करणे ही काही लांडग्यांनी आणलेली गोष्ट नव्हे. कॅथलीन वुडिविस यांच्या १९७२ च्या ‘द फ्लेम अँड द फ्लॉवर’मध्ये नायक सुरुवातीलाच नायिकेवर बळजबरी करतो आणि पुढे तिचा प्रिय पती होतो. जॅनिस रॅडवे यांनी ‘रीडिंग द रोमान्स’ (१९८४) या अभ्यासात अमेरिकेतल्या एका गावातल्या वाचक बायकांशी बोलून दाखवले की त्यांना क्रौर्य मुळीच आवडत नव्हते. त्यांना हवे होते ते त्या क्रौर्याचे स्पष्टीकरण: तो दुष्ट नव्हता, पूर्वी दुखावलेला होता. ते स्पष्टीकरण रचायला लेखिकेला निदान कष्ट पडत. नायकाला भूतकाळ द्यावा लागे, हळूहळू उलगडावा लागे. शिफ्टर कथेने ते कष्ट वाचवले. चूक त्याची नाही, त्याच्या आतल्या जनावराची. आणि क्षमाही तिची नाही, तिच्या आतल्या लांडगीची. ती तर वासानेच विरघळलेली असते. माणसे नुसती उभी राहून पाहतात.

सुरुवातीला असे नव्हते. केली आर्मस्ट्राँग यांची ‘बिटन’ ही कादंबरी २००१ ची. एलेना ही त्या जगातली एकमेव वेअरवुल्फ स्त्री, आणि तिला तसे केले तिच्याच वाग्दत्त वराने, क्लेने. न विचारता, न सांगता चावून. त्या एका चाव्याने तिचे आयुष्य कायमचे बदलले. ती टोरांटोला निघून जाते, दुसऱ्या, सरळमार्गी पुरुषाबरोबर संसार मांडते, आणि कळपावर संकट आले म्हणून तिला परत यावे लागते. इथे क्लेवर तिचे प्रेम आहे आणि रागही आहे, आणि पहिल्याने दुसरा पुसला जात नाही. दैवी गाठीची सबब लेखिका घेत नाही. एलेना अखेरीस क्लेकडे वळते तेव्हा ते पटते असे मी म्हणणार नाही, पण ती काय गिळून वळते आहे हे आपल्याला पुरते कळलेले असते.

मग आली ‘ट्वायलाइट’. स्टेफनी मेयर यांच्या व्हॅम्पायरांवर इतके लिहिले गेले की वॉशिंग्टन राज्यातल्या ला पुशच्या किनाऱ्यावर घडणारी खरी शोकांतिका बाजूला राहिली. तिथल्या लांडग्यांच्या कळपाचा म्होरक्या सॅम आणि लिया यांचे प्रेम असते. लियाची नात्यातली बहीण एमिली भेटायला येते, सॅमचे तिच्यावर ‘इंप्रिंटिंग’ होते, म्हणजे त्याचा जीव एका क्षणात तिच्याशी जखडला जातो, आणि लिया वाऱ्यावर. पुढे रागाच्या एका झटक्यात सॅमचे रूपांतर होते नि एमिलीचा चेहरा कायमचा फाटतो. एमिली त्याला माफ करते. त्याच्या अपराधी नजरेचे वर्णन इतक्या मायेने येते की जखम जणू त्यालाच झाली असावी. याहून भयंकर लियाचे. ती स्वतः लांडगी होते आणि त्या कळपात सर्वांना एकमेकांचे विचार ऐकू येतात, म्हणून सॅमच्या डोक्यातले प्रेम तिला रोज ऐकावे लागते. तिचे दुःखही इतरांना ऐकू येते, तर पोरे वैतागतात: किती कडवट ही! ज्याच्यावर अन्याय झाला त्यानेच वातावरण बिघडवू नये, ही प्रत्येक छळणाऱ्या गटाची मागणी असते. मेयर यांनी ती अचूक टिपली. टिपली आहे हे त्यांच्या लक्षात आले होते का, याची मात्र मला शंका आहे. ‘ब्रेकिंग डॉन’मध्ये (२००८) लिया सॅमचा कळप सोडून त्यातून फुटलेल्या जेकबच्या कळपात जाते. त्या मालिकेतला हाच मला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो.

अ‍ॅपांवरच्या मालिकांत कळप कायमचा सोडण्याची सोयच ठेवलेली नाही; पळालेलीलाही परतावेच लागते. कळपाबाहेरचा लांडगा म्हणजे दिसेल तिथे मारण्याजोगा. ‘अल्फा’ ही कल्पना आली कुठून हे इथे आठवावे. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवर निबंध लिहिला. डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या ‘द वुल्फ’ने ती कल्पना घरोघर नेली. त्याच मेक यांनी पुढे एल्समिअर बेटावर मोकळे लांडगे पाहिले आणि १९९९ मध्ये लिहिले की रानातला कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पिल्ले. हुकमतीसाठी रोजची मारामारी तिथे नसते. ती होते पिंजऱ्यात, जिथे एकमेकांशी नाते नसलेली जनावरे कोंडलेली असतात आणि मार खाणाऱ्याला पळायला जागा नसते. या कथांतला वाडा नेमका तसाच आहे. जिला कायमचे दुसरीकडे जाताच येत नाही, तिने दिलेल्या माफीला किती किंमत द्यायची?

आपल्याकडच्या वाचकाला यातले काही नवे वाटू नये. भरसभेत नाकारलेली गर्भवती, दूर आश्रमात वाढणारा पराक्रमी मुलगा, मुलाला पाहून विरघळणारा बाप: ही शकुंतला आहे. कालिदासाने दुर्वासाचा शाप आणि अंगठी आणून दुष्यंताला सोडवले. चंद्रदेवीची गाठ आज तेच काम करते. महाभारतातल्या मूळ कथेत शापही नाही, अंगठीही नाही. दुष्यंताला सारे आठवत असते, लोकापवादाच्या भीतीने तो खोटे बोलतो, शकुंतला त्याला सभेत खडसावते, आकाशवाणी होते. मग तो तिला म्हणतो, रागाच्या भरात तू जे बोललीस त्याची मी तुला क्षमा केली! छळणाऱ्यानेच क्षमा करून मोकळे व्हावे, ही युक्ती इतकी जुनी आहे. व्यास निदान ती उघड्यावर ठेवतात.

अ‍ॅपवाल्या कथांत माफी लांबवली जाते ती मनाच्या गरजेने नव्हे, नाण्यांच्या हिशेबाने. प्रकरण संपले की पुढचे उघडायला पैसे. म्हणून नायक अनेक प्रकरणे नाक घासतो. वाचकांना हे नाक घासणे फार आवडते, आणि त्यात गैर काही नाही. खऱ्या आयुष्यात छळणारा सहसा विसरून गेलेला असतो. इथे त्याला निदान आठवते. पण नाक एकटा नायक घासतो. चार मित्र हसत होते, मुदपाकखान्यातल्या बायका गप्प होत्या, शिक्षकांनी पाहून न पाहिल्यासारखे केले, त्यांचे काय? ती ‘लूना’ झाली, म्हणजे अल्फाची राणी, की सारे माना झुकवतात आणि खाते बंद. छळ अख्ख्या कळपाने केलेला, माफीनामा मात्र शयनगृहात. या प्रकारातली माझ्या मते सर्वांत मोठी वाङ्मयीन लबाडी हीच.

ती टाळता येते. पॅट्रिशिया ब्रिग्ज यांची ‘क्राय वुल्फ’ (२००८) आणि तिच्या आधीची दीर्घकथा ‘अल्फा अँड ओमेगा’ वाचावी. शिकागोच्या कळपात अ‍ॅनाला तीन वर्षे मारले गेले, वापरले गेले. तिथे न्याय करायला येतो तो चार्ल्स, छळणाऱ्यांपैकी नसलेला. आणि हिशेब होतो तो कळपाच्या म्होरक्यासकट. तिची लांडगी चार्ल्सला लगेच स्वीकारते, पण अ‍ॅना पुरुषाने हात उचलला की अजून दचकते. जनावराचा होकार म्हणजे बाईचा होकार नव्हे, एवढे एक अंतर ब्रिग्ज यांनी राखले, आणि त्या अंतरात अख्खी कादंबरी मावली. फिजीत जन्मलेल्या, न्यूझीलंडमध्ये वाढलेल्या नलिनी सिंग यांच्या ‘स्लेव्ह टू सेन्सेशन’पासून (२००६) सुरू झालेल्या मालिकेतले बिबळे आणि लांडगेही हुकमत गाजवतात, पण त्यांचा कळप दुबळ्याला चेचून नव्हे, राखून मोठा होतो.

या प्रकाराला सरसकट नाक मुरडणाऱ्यांनी आणि रात्री दोनला पुढचे प्रकरण उघडणाऱ्यांनी, दोघांनीही एकदा ‘बिटन’ आणि ‘क्राय वुल्फ’ लागोपाठ वाचाव्यात. दोन्ही पूर्ण पुस्तके आहेत, मध्येच नाणी मागत नाहीत.