‘बायबल’मधील एकाकीपणा : उत्पत्ती आणि रूथ

एकाकीपणा ही आधुनिक संवेदनेची खूण होय, असे आपल्या समीक्षेत जवळजवळ गृहीत धरले जाते. ‘बायबल’मधील उत्पत्तीचा दुसरा अध्याय वाचताना हे गृहीतक तपासून घ्यावे लागते. पहिल्या अध्यायात सृष्टी ‘चांगली’ असल्याचा निर्वाळा सात वेळा येतो. ‘चांगले नाही’ हा पहिला नकार मात्र माणसाच्या एकटेपणाविषयी आहे. आज्ञाभंग त्यानंतरचा. म्हणजे एकाकीपणा हे येथे पतनाचे फळ नसून निर्मितीतच राहिलेली उणीव आहे.

माणूस प्राण्यांना नावे देतो, पण त्यांतून सोबती लाभत नाही. या सोबत्यासाठी मूळ हिब्रूत ‘एझेर’ आणि ‘केनेग्दो’ हे शब्द आहेत. ‘एझेर’ म्हणजे साहाय्य. स्तोत्रसंहितेत तो ईश्वरी साहाय्यासाठीही येतो, त्यामुळे त्यात दुय्यमत्व वाचणे सयुक्तिक नाही. ‘केनेग्दो’त समोरासमोर असणे अभिप्रेत आहे. परंतु स्त्री समोर येताच पुरुष जे उद्गारतो ते तिच्याविषयी, तिला उद्देशून नव्हे. एदेनच्या संपूर्ण कथेत स्त्री सर्पाशी आणि देवाशी बोलते, पुरुष देवाशी बोलतो. परस्परांशी बोललेले एकही वाक्य संहितेत नाही. सहवास आहे, संबोधन नाही.

ते संबोधन रूथच्या ग्रंथात भेटते. पुरुषाने पत्नीला जडून राहावे यासाठी उत्पत्तीत आलेले ‘दाबक’ हे क्रियापदच मवाबी रूथ बेथलेहेमच्या नामीला, आपल्या सासूला, बिलगते तेथे योजलेले आहे. दोघी विधवा, दोन भिन्न लोकांतल्या. सोबतीचा अर्थ विवाहापुरता सीमित करणारे वाचन येथे अपुरे पडते.

तथापि रूथच्या प्रतिज्ञेने नामीचे एकाकीपण सरत नाही. ती गप्प होते. आणि बेथलेहेमला पोचल्यावर, रूथ बरोबर असूनही, आपण रिकाम्या हाताने परतलो असे सांगते. तिच्या त्या बोलण्यात केवळ ‘मी’ आहे. पुढे रूथ दिवसभर सरवा वेचून एफाभर सातू घरी आणते. बवाजाचे नाव ऐकून नामी म्हणते, तो ‘आपला’ आप्त आहे. या ‘आपला’मध्ये रूथही सामावलेली आहे. एकाकीपणा ओसरल्याचे निवेदक कोठेही सांगत नाही. ते या सर्वनामाच्या बदलातूनच वाचावे लागते.