कादंबरीचा खर्डा आणि लेखकाचे टिकून राहणे

मराठी समीक्षेत लेखनप्रेरणेची चर्चा विपुल झालेली आहे. परंतु ती बहुतांशी लेखनाच्या आरंभबिंदूपाशीच थांबते. स्फूर्ती, प्रतिभा, अनुभवाचा उद्रेक या संकल्पना कवितेच्या संदर्भात पुरेशा ठरतात. कादंबरी हा दीर्घ पल्ल्याचा प्रकार असल्याने तेथे वेगळाच प्रश्न उपस्थित होतो. पहिल्या पन्नास पानांचा उत्साह ओसरल्यावर, अद्याप कोणी लेखक म्हणून ओळखत नसताना, नवोदित कादंबरीकार कशाच्या बळावर लिहीत राहतो? समीक्षेच्या हाती पूर्ण झालेले पुस्तकच येत असल्याने हा प्रश्न तिला आपल्या कक्षेबाहेरचा वाटत आला आहे. वास्तविक या टिकून राहण्याच्या खुणा कादंबरीच्या रूपातच उमटलेल्या असतात.

हरिभाऊ आपटे यांचे उदाहरण या दृष्टीने मूलभूत आहे. 1885 मध्ये ‘मधली स्थिती’ ‘पुणे वैभव’मधून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली, तेव्हा त्यांचे वय अवघे एकवीस वर्षांचे होते. पुढे 1890 मध्ये त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो?’ वाचकांपुढे येऊ लागली. ती पुस्तकरूपाने 1893 मध्ये आली. येथे संपादक आणि कादंबरीकार एकच होता. अंक निघायचा तर प्रकरण लिहून व्हायलाच हवे, ही सक्ती त्यांनी स्वतःच स्वतःवर लादून घेतली होती. त्यांच्या कादंबऱ्यांतील पाल्हाळाविषयी समीक्षकांनी वारंवार तक्रार केली आहे. तथापि तो पाल्हाळ आणि यमूच्या निवेदनातील विश्वासाने सांगत राहण्याचा सूर, या दोहोंचे मूळ एकाच व्यवस्थेत आहे. पुढच्या अंकाची वाट पाहणारा वाचक समोर असल्याने सांगणे थांबत नाही, आणि सांगणे थांबत नसल्याने ते लांबते. अर्थात ही व्यवस्थाही सर्वसमर्थ नव्हती. हरिभाऊंच्या काही कादंबऱ्या अपूर्णच राहिल्या, हे येथे विसरता येत नाही.

भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ (1963) नेमकी उलट टोकाला उभी आहे. पंचविशीतील लेखकाची ही पहिली कादंबरी अवघ्या काही आठवड्यांत लिहिली गेली, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. या वेगाभोवती एक दंतकथाच तयार झाली असून अनेक होतकरूंनी तिचा अर्थ ‘झपाटले जाण्याची वाट पाहणे’ असा लावला. कादंबरीची रचना मात्र वेगळे काही सुचविते. पांडुरंग सांगवीकरचे आत्मनिवेदन एकसुरी राहत नाही; मध्येच रोजनिशी येते, मध्येच इतिहासलेखनाचे विडंबन येते. एक रीत थकू लागली की निवेदन दुसरी रीत धरते. हा प्रयोग जितका आशयाच्या गरजेतून आला, तितकाच तो लेखन पुढे चालू ठेवण्याचाही मार्ग ठरला, असे म्हणता येईल. शिवाय तोच लेखक ‘झूल’ (1979) नंतर ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ (2010) पर्यंत एकतीस वर्षे घेतो. म्हणजेच वेग हा लेखकाचा स्थायी गुण नसून त्या त्या कादंबरीला सापडलेल्या रीतीचा परिणाम असतो.

खर्डा लिहिला जात असतानाच्या मनःस्थितीचा लेखी पुरावा क्वचितच उपलब्ध होतो. अमेरिकन कादंबरीकार जॉन स्टाइनबेक यांनी ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ (1939) लिहिताना 1938 मध्ये ठेवलेली रोजनिशी असा पुरावा पुरविते. ती 1989 मध्ये प्रकाशित झाली. तोवर अनेक पुस्तके नावावर असलेला हा लेखक रोजनिशीत पुनःपुन्हा स्वतःच्या कुवतीविषयी शंका घेतो, आणि तरीही सुमारे दोन हजार शब्दांचे दैनिक उद्दिष्ट समोर ठेवून पाच महिने लिहीत राहतो. आत्मविश्वास आधी आणि लेखन नंतर, हा क्रम येथे दिसत नाही. शंका शेवटपर्यंत टिकते. कामाची बैठकही टिकते.

या तिन्ही उदाहरणांत लेखकाला काही ना काही आधार होता : साप्ताहिक, प्रकाशक, किंवा निदान दिवसातील मोकळे तास. ज्यांना यांपैकी काहीच नाही त्यांचे काय, हा या विवेचनातील कळीचा प्रश्न होय. बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ हे कादंबरी नव्हे, आत्मकथन आहे. परंतु दीर्घ गद्यलेखनाच्या चिकाटीचा विचार त्याला वगळून करता येणार नाही. फलटणच्या छोट्या दुकानात बसून, घरच्यांपासून लपवून लिहिलेले ते कागद कित्येक वर्षे तसेच राहिले. ‘स्त्री’ मासिकातून ते 1982 मध्ये क्रमशः बाहेर आले आणि 1986 मध्ये पुस्तक झाले. येथे वाट पाहणारा वाचक नव्हता. उलट कोणी वाचू नये याचीच दक्षता होती. लेखन टिकले ते आपल्या समाजाचे जगणे नोंदविले गेलेच पाहिजे, या जाणिवेवर.

या पार्श्वभूमीवर ‘प्रतिभा असेल तर कादंबरी पूर्ण होतेच’ हे गृहीतक तपासून घेणे आवश्यक ठरते. ते निरुपद्रवी नाही. अर्ध्यावर थांबलेला नवोदित लेखक त्याच्या आधारे स्वतःला अपात्र ठरवितो, आणि समीक्षाही अलिखित राहिलेल्या कादंबऱ्यांचा हिशेब मांडण्याच्या जबाबदारीतून मोकळी होते. हरिभाऊंना अंकाची तारीख होती, ‘कोसला’ला बदलत जाणारी रीत सापडली, स्टाइनबेकना रोजची बैठक होती, बेबी कांबळे यांना सांगण्याची निकड होती. चिकाटी हा स्वभावविशेष मानण्याऐवजी ती कोणत्या परिस्थितीत शक्य झाली आणि तिने कृतीला कोणते रूप दिले, याचा शोध घेतल्यास मराठी कादंबरीचा इतिहास अधिक न्याय्य रीतीने लिहिता येईल.