मसनवींतील शुककथा : वृत्त, यमक व पुनरुक्ति

निजामी राज्यांत १८८० नंतर उर्दूनें जागा घेईपर्यंत दरबारचा लेखनव्यवहार फारसींत चाले. म्हणून गोदातीराजवळच्या आमच्या पालमसारख्या गांवीं फारसी पानें हातीं आलीं तर नवल नाहीं. त्यांत मौलाना रूमीच्या मसनवीचा तुकडा आढळल्यास तो कसा पारखावा, हें तिच्या पहिल्या दफ्तरांतील व्यापारी व पोपट या कथेवरून दाखवूं.

हिंदुस्थानास निघालेल्या धन्याबरोबर पिंजऱ्यांतील पोपट येथील पोपटांस निरोप धाडतो. तो ऐकतांच एक पोपट थरथरून पडतो व मरतो. धनी घरीं येऊन ही वार्ता सांगतो, तोंच घरचाहि तसाच पडतो. धनी शोक करून त्यास बाहेर टाकतो आणि पोपट उडून फांदीवर बसतो. तें मरण हाच सुटकेचा उपदेश होता.

वृत्त ‘रमल’. चरण गालगागा, गालगागा, गालगा असा अकरा अक्षरांचा; आमच्या गणांनीं र, त, म, ल, ग. यमक दोन दोन चरणांचें, व तें दर द्विपदीस बदलतें; ओवीचा चौथा चरण मोकळा सुटतो, तशी सवलत येथें नाहीं.

संस्कृत पिंगलावर वाढलेला वाचक मोजणींत फसतो. पुढें व्यंजन असतां फारसींत ‘यार’ म्हणजे गुरु-लघु, परंतु ‘जान’ एकच गुरु, आणि ‘दर’हि एकच गुरु. आम्हींहि प्रथम ‘जान’ गुरु-लघु धरून शुद्ध पाठास अशुद्ध म्हटलें होतें. माधव जूलियन यांचा फार्शी-मराठी कोश (१९२५) व ‘छंदोरचना’ हाताशीं ठेवणें हिताचें.

पुनरुक्तीचा प्रश्न याहून नाजूक आहे. दोन्ही मरणें जवळजवळ त्याच क्रियांनीं सांगितलीं असल्यानें नकलकाराचा डोळा घसरतो, किंवा रसिक म्हणविणारा दुसरें मरण कापतो. मम्मटानें कथितपद हा दोष सांगून, विहिताच्या अनुवादांत तोच गुण होतो असेंहि म्हटलें आहे. येथें पहिलें मरण हा विधि, दुसरें त्याचा अनुवाद. मध्यें धन्याचा लांब विलाप व विषयांतरें असूनहि शब्दसाम्यामुळेंच श्रोत्यास निरोप उमगतो.

रूमी १२७३ त निवर्तला. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे १२९० ची. तिच्या सहाव्या अध्यायांत नळीवरचा पोपट स्वतःच नळी धरून बांधला गेलों असें मानतो. एकानें दुसऱ्यापासून घेतलें असें आम्ही म्हणत नाहीं. दोघांचा पोपट धरलेलें सोडल्यावांचून सुटत नाहीं, एवढेंच साम्य पाहतों.

संग्राहकांस विनंति कीं, दुसरें मरण गाळलेलें पान मिळाल्यास त्याची नोंद ‘अपूर्ण’ अशी करावी. ‘संक्षिप्त’ अशी करूं नये.