इच्छेचा फलक आणि संकल्पाचे पाणी

टीकाकाराने पुस्तकावर लिहावे, नाटकावर लिहावे, फार तर एखाद्या चित्रप्रदर्शनावर लिहावे, असा आपल्याकडे संकेत आहे. पुठ्ठ्यावर डकवलेल्या कात्रणांवर कुणी टीकालेख लिहीत नाही. परंतु गेल्या काही वर्षांत अशी एक कलाकृती आपल्या घरांतून भिंतीवर चढलेली मी पाहतो आहे. आणि जी वस्तू भिंतीवर चढते, रोज सकाळी डोळ्यांसमोर येते आणि 'तू असा हो' म्हणून घरातल्या माणसांना बजावते, तिला टीकेतून सूट का द्यावी, हे मला तरी समजत नाही. या वस्तूचे नाव व्हिजन बोर्ड.

ज्यांच्या घरी ती अद्याप आलेली नाही त्यांच्यासाठी थोडे वर्णन केले पाहिजे. एक मोठा पुठ्ठा घ्यायचा. येत्या वर्षात आपल्याला जे जे हवे त्याची चित्रे मासिकांतून कापून त्यावर चिकटवायची: घर, मोटार, समुद्रकिनारा, सडपातळ बांधा, पदवीदानाचा झगा. अधूनमधून 'यश', 'शांती', 'समृद्धी' असे ठसठशीत शब्द; बहुधा इंग्रजीतून. मग तो पुठ्ठा नजरेच्या टप्प्यात लावायचा आणि रोज पाहायचा. कुणी तो १ जानेवारीला करतात, कुणी पाडव्याचा मुहूर्त धरतात. हल्ली कात्री आणि गोंद यांचीही गरज उरलेली नाही. पिंटरेस्टवर चित्रे जमवली की फोनच्या पडद्यावरच फलक तयार होतो.

माझ्या परिचयाच्या एका शिक्षिकाबाईंनी याला 'संकल्पफलक' असे नाव दिले आहे. शब्द कानाला गोड लागतो; पण माझी हरकत नेमकी या शब्दाला आहे. हा फलक इच्छेचा आहे, संकल्पाचा नव्हे. आणि या दोहोंतला फरक म्हणजे पंडितांचा काथ्याकूट नाही. त्या फरकावाचून एखाद्या घरात काय घडते, ते पुढे सांगणारच आहे.

आधी कलाकृती म्हणून तिच्याकडे पाहू. असे दहा-बारा फलक मी लक्षपूर्वक पाहिले आहेत. करणारी माणसे निरनिराळी, त्यांची वये निरनिराळी, पण फलक मात्र एकाच आईची लेकरे. तोच निळा समुद्र, तेच पांढरेशुभ्र स्वयंपाकघर. त्या स्वयंपाकघरात कधी पोळपाट दिसत नाही, फोडणीचा शिंतोडा दिसत नाही, कढीपत्त्याची काडी दिसत नाही. याचे कारण उघड आहे. ही चित्रे मुळात जाहिरातींची. ती काढणाऱ्याने ती आपल्या इच्छेसाठी काढलेली नाहीत, आपल्याला इच्छा व्हावी म्हणून काढलेली आहेत. तेव्हा फलक करणारी व्यक्ती 'मला काय हवे' हे सांगायला बसते आणि पुष्कळदा 'मला काय हवे असावे, अशी दुकानदाराची इच्छा आहे' एवढेच सांगून उठते. कवितेत गुळगुळीत झालेली प्रतिमा आली तर आपण कवीला बोल लावतो. इथे तर सारी कविताच उसन्या प्रतिमांची आहे.

दुसरा दोष याहून मोठा. फलकावर सगळी नामे आहेत, थोडी विशेषणे आहेत, पण क्रियापद नाही. घर आहे, घरासाठी काय करायचे ते नाही. झगा आहे, अभ्यास नाही. वास्तविक चित्रात क्रिया दाखवता येत नाही असे मुळीच नाही. वारली चित्रात माणसे पेरतात, मळतात, नाचतात. चित्र स्थिर असूनही हात चालू असतात. फलकावरची माणसे मात्र सगळे काही मिळवून झाल्यानंतरची असतात. वर्ष सुरू व्हायच्या आधीच संपलेले असते.

हा दोष अनवधानाने आलेला नाही. त्याच्यामागे एक शिकवण आहे, आणि ती अमेरिकेची. ज्याचा विचार मनात घट्ट धराल ते प्राप्त होईल, हा विचार तिथे जुना आहे. मंदीच्या दशकात, १९३७ साली, नेपोलियन हिल यांचे 'थिंक अँड ग्रो रिच' निघाले आणि अफाट खपले. व्हिजन बोर्डाला घरोघर नेले ते मात्र २००६ साली निघालेल्या 'द सीक्रेट' या चित्रपटाने आणि त्याच नावाच्या पुस्तकाने. ऱ्होंडा बर्न या ऑस्ट्रेलियन बाईंची ही निर्मिती. विचार हा लोहचुंबक आहे आणि तो आपल्यासारख्याच गोष्टी ओढून आणतो, हा तिचा सिद्धान्त.

त्या चित्रपटात जॉन असारफ नावाचे एक व्यावसायिक आपली हकीकत सांगतात. त्यांनी एका आलिशान घराचे चित्र आपल्या फलकावर लावले होते. पुढे बिऱ्हाडे बदलली. फलक खोक्यांत गेला. काही वर्षांनी नव्या घरात सामान उघडताना तो हाती आला, आणि पाहतात तो काय, चित्रातले तेच घर त्यांनी विकत घेतले होते आणि त्यातच ते उभे होते! कथा म्हणून ही उत्तम आहे. शेवटी अंगावर काटा येतो. पण टीकाकाराची वाईट खोड अशी, की तो मधली पाने मागतो. मधल्या वर्षांत गृहस्थ काय करीत होते? ते घरांच्या खरेदी-विक्रीच्या व्यवसायात होते आणि त्यांचा तो व्यवसाय जोरात होता. आणि फलक काय करीत होता? तो खोक्यात बंद होता! रोज पाहण्याने फळ देणाऱ्या फलकाची सर्वांत प्रसिद्ध कथा ही न पाहिलेल्या फलकाची कथा आहे.

एवढ्यावर हसून सोडून देता आले असते. परंतु या शिकवणीला एक दुसरी बाजू आहे आणि ती हसण्यासारखी नाही. एका परिचिताच्या घरी बारावीतल्या मुलीच्या टेबलासमोर असा फलक होता. पांढरा डगला, स्टेथोस्कोप, मेडिकल कॉलेजची इमारत. २०२४ साली नीटला २३ लाखांहून अधिक मुले बसली, आणि देशात एमबीबीएसच्या जागा होत्या सव्वा लाखाच्या आत. म्हणजे साधारण वीस जणांमागे एकच जागा. जूनमध्ये निकाल लागला. या मुलीला जागा मिळण्यासारखे गुण नव्हते. फलक भिंतीवरच राहिला, कारण तो उतरवण्याचा धीर घरात कुणालाच होईना. मी गेलो तेव्हा ती पोर मला म्हणाली, "काका, माझं मनापासून हवंसं वाटणंच कमी पडलं असेल."

हे वाक्य मी विसरू शकलेलो नाही. 'भौतिकशास्त्रात कमी पडले' असे ती म्हणाली असती तर त्यावर उपाय होता. 'जागाच थोड्या आहेत' असे म्हणाली असती तर ते सत्य होते. पण 'इच्छा कमी पडली' या आरोपाला जगात उत्तर नाही. तो सिद्ध करता येत नाही आणि खोडूनही काढता येत नाही. यश आले तर श्रेय सिद्धान्ताचे, अपयश आले तर दोष माणसाचा, असा हा एकतर्फी न्याय आहे. आणि तो सतरा वर्षांच्या मुलीच्या टेबलासमोर आपण हौसेने, रंगीत कागद लावून टांगतो.

या बाबतीत मानसशास्त्राचे म्हणणेही ऐकण्यासारखे आहे. गॅब्रिएल ऑटिंगेन या जर्मन संशोधक बाईंनी आपल्या एका सहकाऱ्याबरोबर १९९१ साली वजन कमी करू पाहणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपण सडपातळ झालो आहोत अशी गोड स्वप्ने ज्या अधिक रंगवीत होत्या, त्यांचे वजन वर्षभरात इतरांपेक्षा कमी उतरले. फरक थोडाथोडका नव्हे, सुमारे २४ पौंडांचा. आपल्याला हे जमेल असा ज्यांचा अनुभवावर आधारलेला अंदाज होता, त्यांना मात्र त्या अंदाजाचा फायदाच झाला. पुढे १९९९ साली कॅलिफोर्नियात विद्यार्थ्यांवर असाच एक प्रयोग प्रसिद्ध झाला. परीक्षेपूर्वी रोज काही मिनिटे एका गटाने 'आपल्याला उत्तम गुण मिळाले' असे चित्र मनात आणायचे. दुसऱ्या गटाने 'आपण अभ्यासाला बसलो आहोत' असे चित्र आणायचे. अधिक अभ्यास केला आणि अधिक गुण मिळवले ते दुसऱ्या गटाने. मन भोळे असते. मेजवानीचे चित्र पाहूनच ते निम्मे जेवून घेते, आणि मग चूल पेटवायला उठत नाही.

आता संकल्प. आपल्या घरी सत्यनारायण असो की लक्ष्मीपूजन, गुरुजी प्रथम यजमानाच्या हातावर पाणी घालतात आणि संकल्प सांगतात. लहानपणी तो भाग कंटाळवाणा वाटतो, कारण प्रसाद अजून लांब असतो. पण त्याची रचना एकदा नीट ऐकावी. आधी स्थळ: कोणता देश, कोणत्या नदीचा कोणता तीर. मग काळ: संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार. मग करणारा कोण: त्याचे गोत्र, त्याचे नाव. मग फळे. होय, फळे संकल्पातही आहेत. आयुष्य, आरोग्य, ऐश्वर्य, सारे काही मागून घेतलेले आहे, आपले पूर्वज काही विरक्त नव्हते! परंतु ती फळे 'अर्थम्' लावून, म्हणजे 'यासाठी' म्हणून, वाक्याच्या पोटात बसवली आहेत. वाक्य संपते ते एकाच शब्दावर: 'करिष्ये'. मी करीन. पाणी ताम्हनात सुटते आणि लगेच कामाला सुरुवात होते.

त्या क्रियापदाचे रूपही पाहण्यासारखे आहे. 'कृ' धातू संस्कृतात उभयपदी आहे. 'करिष्यामि' असेही म्हणता आले असते. पण क्रियेचे फळ कर्त्याला स्वतःला मिळणार असेल तेव्हा आत्मनेपद वापरावे, असा पाणिनीचा नियम आहे. म्हणून 'करिष्ये'. फळाची इच्छा लपवलेली नाही, पण तिला वेगळा पुठ्ठाही दिलेला नाही. ती क्रियापदाच्या प्रत्ययात मावली आहे. इच्छेला एवढीच जागा पुरते, असे मला वाटते. आणि गंमत पाहा: अमुक वेळी, अमुक ठिकाणी मी अमुक करीन असे आधी ठरवून ठेवले तर ते हातून घडण्याचा संभव वाढतो, हेच पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ च्या एका प्रबंधात मांडले. संकल्प म्हणणारा पुण्यवान असो की नसो, वाक्यरचनेत तरी तो शहाणा होता.

तर मग हे फलक उतरवून टाकावेत काय? असे मी म्हणणार नाही, कारण त्याची एक बाजू मला मनापासून मान्य आहे. आपल्याकडे हवे-नको बोलून दाखवण्याची रीत नव्हती. बायकांना तर नव्हतीच. माझ्या नात्यातल्या एक वहिनी साठीच्या घरात आल्या आहेत. नातीने त्यांच्या हाती कात्री दिली आणि म्हटले, "आजी, तुला काय हवं ते काप." वहिनी तासभर मासिक चाळीत बसल्या. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता, आणि त्याचे उत्तर शोधायला वेळ लागत होता. शेवटी त्यांनी एकच चित्र कापले: आगगाडीची खिडकी. समुद्र नाही, डोंगर नाही. नुसती खिडकी, आणि खिडकीशी कुणी नाही. आम्ही सारे गप्प झालो. ज्या फलकाने हे चित्र बाहेर काढले त्याला नावे ठेवायला माझी जीभ रेटत नाही.

पण वहिनींनी पुढे जे केले ते मला त्याहून महत्त्वाचे वाटते. खिडकीखाली त्यांनी पेन्सिलीने लिहिले: "दर महिन्याच्या पाच तारखेला पाचशे रुपये, चहाच्या जुन्या डब्यात." त्या घरात तेवढा एकच फलक असा झाला, की ज्याला संकल्प म्हणता येईल. त्याला तारीख होती, जागा होती, करणारी होती. लिहिलेल्या ओळीत क्रियापद नव्हते हे खरे. पण ते डब्यात दर महिन्याला पडत होते.

या दिवाळीत ज्यांना फलक करायचा आहे त्यांनी तो अवश्य करावा. मुलांनाही करू द्यावा. फक्त प्रत्येक चित्राखाली एक ओळ लिहायला जागा सोडावी, आणि त्या ओळीत उद्या सकाळी करता येईल असे एखादे काम असावे. जे आपल्या हातात नाही, उदाहरणार्थ वीस जणांतून एकाची निवड, त्याचे चित्र मुलाच्या डोळ्यांसमोर वर्षभर टांगू नये. त्याऐवजी जे हातात आहे, त्याचे टांगावे.

नमुना पाहायचा असेल तर लांब जायला नको. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी व्यापारी नवी वही पुजतो. पहिल्या पानावर 'श्री', स्वस्तिक, 'शुभ' आणि 'लाभ', कुंकवाची बोटे. सारी इच्छा त्या एका पानात येते. बाकीची वही कोरी असते, आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्यात जमा आणि नावे लिहावे लागतात.