लिनक्सच्या अंगणात कंपन्यांचे येणे-जाणे

आमच्या डीटीपीच्या खोलीत वर्षातून दोनदा तरी एकच संवाद होतो. परवान्यांच्या वाढत्या खर्चाला वैतागून कोणीतरी विचारतो, "लिनक्स घातलं तर कोरलड्रॉ चालेल का?" 'नाही' म्हटले की विषय संपतो. लग्नपत्रिकेपासून फ्लेक्सपर्यंत ज्यांचे पोट या एका प्रोग्रॅमवर आहे, त्यांना पुढचे ऐकण्यात रस नसतो. मला मात्र त्या 'नाही'मागचा इतिहास सांगावासा वाटतो. कारण कोरलड्रॉ लिनक्सवर एकदा येऊन गेले आहे.

कॅनडातील ओटावाच्या कोरल कंपनीने 1996 साली वर्डपरफेक्ट विकत घेतले, तोवर मायक्रोसॉफ्टच्या वर्डने बाजार व्यापला होता. दुसऱ्याच्या अंगणात किती दिवस खेळायचे, असे कंपनीला वाटले असावे. 1998च्या अखेरीस वर्डपरफेक्ट 8 लिनक्सवर आले, व्यक्तिगत वापरासाठी मोफत. नोव्हेंबर 1999मध्ये कोरलने डेबियनच्या पायावर स्वतःची लिनक्स प्रणालीच बाजारात आणली. 2000 साली वर्डपरफेक्ट ऑफिस आणि कोरलड्रॉ 9 आले. हे कोरलड्रॉ लिनक्ससाठी नव्याने लिहिलेले नव्हते. विंडोजच्या प्रोग्रॅमला लिनक्सशी बोलता यावे म्हणून 'वाइन' नावाचा मुक्त दुभाष्या मध्ये बसवला होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संस्थापक मायकेल कोपलंड पायउतार झाले, ऑक्टोबरमध्ये मायक्रोसॉफ्टने कोरलमध्ये साडेतेरा कोटी डॉलर गुंतवले, आणि 2001मध्ये लिनक्सचा विभाग विकला गेला.

लिनक्सप्रेमी मंडळी या घटनाक्रमाकडे कट म्हणून पाहतात. मला तसे वाटत नाही. कंपनी आधीच पैशाच्या अडचणीत होती. आणि ज्या वापरकर्त्याने फुकट आणि मुक्त म्हणून प्रणाली निवडली, त्याच्याकडून बंद प्रोग्रॅमचे पैसे वसूल करण्याचा हिशेब मुळातच कच्चा होता. शिवाय लिनक्स म्हणजे एक घर नव्हे, वाडा आहे. प्रत्येक बिऱ्हाडाची चूल वेगळी. कोणत्या बिऱ्हाडासाठी प्रोग्रॅम बांधायचा, हा प्रश्न कंपन्यांना आजही पडतो, आणि तो सर्वस्वी बहाणा नाही.

पुढेही असेच घडत राहिले. अॅडोबीच्या रीडरची लिनक्स आवृत्ती 2013नंतर पुढे गेली नाही. मायक्रोसॉफ्टने डिसेंबर 2019मध्ये टीम्स लिनक्सवर आणले, आणि 2022च्या डिसेंबरपर्यंत ते मागेही घेतले. बंद प्रोग्रॅम कंपनी घेऊन येते तसा घेऊनही जाते. वापरणाऱ्याच्या हातात काही उरत नाही. कोरलच्या बाबतीत मात्र काही उरले. कोरलड्रॉ चालावे म्हणून तिच्या अभियंत्यांनी वाइनमध्ये केलेली कामे वाइनमध्येच राहिली. त्याच वाइनवर 2018 साली व्हॉल्व्हने प्रोटॉन उभारले, आणि विंडोजचे खेळ लिनक्सवर चालू लागले.

आपल्याला याहून जवळचे उदाहरण अक्षरांचे आहे. युनिकोडमध्ये 'क्ष' हे एक अक्षर म्हणून साठवले जात नाही. क, हलन्त आणि ष अशी तीन चिन्हे ओळीने साठवली जातात. ती जोडणे, ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी नेऊन ठेवणे, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढवणे, आणि 'तऱ्हा', 'दुसऱ्या' यांतला आपला खास मराठी आडवा 'र' ओळखणे, हे सगळे पडद्यामागे कोणालातरी करावे लागते. लिनक्सच्या डेस्कटॉपवर हे काम सुरुवातीला दोन घरांत वेगवेगळे चालू होते: नोमकडे पँगोत आणि केडीईकडे क्यूटीत. ते एकत्र आणण्याच्या खटपटीतून हार्फबझ जन्माला आले. फारसीत 'हर्फ' म्हणजे अक्षर आणि 'बाज' म्हणजे उघडे; 'ओपनटाइप'चेच हे फारसी रूप. ते घडवणारे बेहदाद एस्फाबोद आधी रेड हॅटमध्ये आणि मग गूगलमध्ये पगारी नोकरीत होते. म्हणजे खर्च कंपन्यांनीच केला, पण माल खुला ठेवला. रेड हॅटनेच 2004 साली लोहित फॉन्ट मुक्त केले आणि तिच्या पुण्यातल्या मंडळींनी पुढे ते सांभाळले.

आज हार्फबझ अँड्रॉइडमध्ये आहे, क्रोम आणि फायरफॉक्समध्ये आहे, लिबरऑफिसमध्ये आहे. आणि इनडिझाइनमध्येही आहे! जे इनडिझाइन लिनक्सवर यायला तयार नाही, ते लिनक्सच्या माजघरात शिजलेले अन्न मजेत जेवते. परवान्याची त्याला मुभा आहे, त्यामुळे तक्रार नाही. पण "लिनक्सवर कंपन्या येत नाहीत" असे सरसकट म्हणणाऱ्यांनी हे ताट जरूर पाहावे.

म्हणून "आमचा प्रोग्रॅम लिनक्सवर आणा" ही जुनी मागणी मला अपुरी वाटते. आणला तरी तो पाहुणाच. मागायचे ते फाईलचे स्वरूप मागावे, ती उघडण्याची रीत मागावी. रेड हॅटने 2023मध्ये लिबरऑफिसची पॅकेजे सांभाळणे सोडले, तेव्हा फेडोरातल्या स्वयंसेवकांनी ती उचलली. स्रोत उघडा होता म्हणूनच हे जमले. अर्थात स्वयंसेवकांच्या भरवशावर छापखाना चालवणे सोपे नाही, हे मी अनुभवाने सांगतो. स्क्राइबसमध्ये देवनागरीची जोडाक्षरे धड जुळायला कितीतरी वर्षे वाट पाहावी लागली.

गेल्या पावसाळ्यात एका जुन्या वार्षिकाच्या पानांच्या फाईली माझ्याकडे आल्या. ज्या प्रोग्रॅममध्ये त्या केल्या होत्या, तो आता विकला जात नाही. लिबरऑफिसने त्या उघडल्या, कारण कोणीतरी चिकाटीने ते बंद स्वरूप उलगडून ठेवले होते. चौकटी जागच्या जागी, स्तंभही बरोबर. मजकूर मात्र रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला, कारण तो युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये बांधलेला होता. रूपांतर करणारी एक छोटी आज्ञावली वापरून कथा वाचता येण्याजोग्या झाल्या. फक्त 'ऱ्या' आणि 'ऱ्हा' प्रत्येक ठिकाणी चुकले आहेत. ते मी अजून छापील अंक शेजारी ठेवून हाताने दुरुस्त करतो आहे.