खरी नोंद, खोटी यादी

ख्रिस्तोफर नोलनचा 'मेमेंटो' (२०००) हा सूडपट आहे, कोडं आहे, उलट्या क्रमाने सांगितलेली गोष्ट आहे, असं सगळं लिहून झालंय. मला तो टॅटू गोळा करणाऱ्या माणसाचा सिनेमा वाटतो. माझ्या अंगावर तीन टॅटू आहेत आणि चौथ्याची जागा ठरलेली आहे, त्यामुळे मी तटस्थ प्रेक्षक नाही हे आधीच सांगते. आणि शेवटाबद्दलही बोलणार आहे. सिनेमा इतका जुना झालाय की स्पॉइलरची तक्रार आता चालणार नाही.

लेनर्डला नवीन काही लक्षात राहत नाही. बायकोवरच्या हल्ल्यानंतर तो दर काही मिनिटांनी कोरा होतो. म्हणून तो पोलरॉइड फोटो काढतो, त्यांवर नोंदी लिहितो, आणि जे अगदी पक्कं ते अंगावर कोरून घेतो. त्याचं तर्कशास्त्र साधं आहे: आठवण फसवते, कागद हरवतो, कातडी मात्र सोबत राहते. छातीवरचं वाक्य उलटं लिहिलंय, कारण ते वाचणारा एकटा तोच आहे, तेही आरशात. टॅटू काढणाऱ्या बहुतेकांना हे ओळखीचं वाटेल. लोकांना दाखवायला काढलेला टॅटूसुद्धा शेवटी आपणच आपल्याला पाठवलेला मेसेज असतो.

शेवटी (म्हणजे काळाच्या हिशेबात बरंच आधी) टेडी त्याला सांगतो की खुनी कधीच मारला गेलाय, तूच मारलास, फक्त तुझ्या लक्षात नाही. लेनर्डला हे नकोय. शोध संपला तर उद्या उठून करायचं काय? मग तो टेडीच्या गाडीचा नंबर लिहून घेतो आणि सरळ टॅटूवाल्याकडे जातो.

इथे एक गोष्ट सहज सुटते. तो नंबर खोटा नाही. टेडीच्या गाडीचा अगदी बरोबर नंबर आहे. खोटं आहे ते त्याचं स्थान. खुन्याबद्दलच्या पुराव्यांच्या यादीत तो सहावा म्हणून बसवला, एवढाच लेनर्डचा गुन्हा. नोंद खरी, यादी खोटी. मला हे सिनेमातलं सगळ्यात धारदार निरीक्षण वाटतं, आणि ते कुठल्याही संग्रहाला लागू आहे. एक टॅटू काहीच सांगत नाही. पाच झाले की त्यांची गोष्ट बनते, आणि ती गोष्ट आपण रचलेली असते.

आता 'गजनी'. ए. आर. मुरुगदास यांनी हे कथाबीज २००५ मध्ये तमिळमध्ये आणि २००८ मध्ये आमिर खानला घेऊन हिंदीत आणलं. मी तेव्हा शाळेत होते. मुलांनी तसे केस कापले होते, आणि मधल्या सुट्टीत आम्ही बॉलपेनने हातावर वाट्टेल ते लिहायचो. इथेही फोटो आहेत, नोंदी आहेत, अंगभर अक्षरं आहेत. पण इथे खलनायक घरात घुसतो, फोटो आणि नोंदी नष्ट करतो, अंगावरची अक्षरंही वाचण्यासारखी ठेवत नाही. म्हणजे गोंधळ बाहेरून येतो. नायकाची नोंद आणि यादी, दोन्ही खरी. वाईट माणसाने ती बिघडवली. 'मेमेंटो'त बिघडवणारा आणि वाचणारा एकच आहे.

म्हणून 'गजनी' सोपा आणि 'मेमेंटो' थोर, असं म्हणून मोकळं व्हायचा मोह होतो. पण 'मेमेंटो'ची एक बाजू मला खटकते. लेनर्डच्या अंगावर खुन्याबद्दल किती माहिती आहे! बायकोबद्दल काय आहे? तिच्यावर अत्याचार झाला आणि ती मेली, एवढंच. तिला काय आवडायचं, ती कशावर हसायची, यातलं काही त्याने गोंदवलं नाही. सिनेमाही तिला काही तुकड्यांपलीकडे जागा देत नाही. 'गजनी' याउलट कल्पनाला भरपूर वेळ देतो, इतका की ती गेल्यावर काय गेलं ते आपल्याला कळतं. लेनर्डच्या संग्रहात ज्याच्यासाठी संग्रह केला तेच नाही. हा सिनेमाचा दोष की लेनर्डचं अचूक चित्रण, याचं उत्तर मला दोन्ही बाजूंनी देता येतं. अलीकडे मी दुसरीकडे झुकते.

माझ्या संग्रहाला हीच फूटपट्टी लावून पाहिली. पहिला टॅटू मनगटाजवळचा अर्धविराम, प्रोग्रॅमरचा सेमीकोलन. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी निव्वळ गंमत म्हणून काढला. एका सेमीकोलनपायी रात्र गेल्याची आठवण. ऑफिसात अजूनही लोक हसतात. पण बाहेरच्या जगात २०१३ पासून त्या चिन्हाला दुसरा अर्थ मिळालाय: वाक्य संपवता आलं असतं, पण लेखकाने संपवलं नाही. आत्महत्येच्या विचारातून परत आलेली माणसं ते चिन्ह बाळगतात. काढला तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. तीन वर्षांनी एक फार वाईट वर्ष आलं, आणि त्यानंतर कुणी विचारलं की मी दुसरा अर्थ सांगू लागले. तो खोटा नाही. फक्त सुईनंतर आलाय. दुसरी कागदी होडी, होस्टेलच्या चौघींनी एकसारखी काढलेली. चौघींपैकी एकीने ती लेझरने काढून टाकली. माझी होडी तशीच आहे, पण ती आता 'आम्ही चौघी' म्हणत नाही. तिसरी खांद्यावरची सह्याद्रीची रेघ, तिच्याबद्दल अजून तरी वाद नाही.

कोड बदलतो आणि वरची कॉमेंट जुनीच राहते, हे आमच्या धंद्यात रोजचं. टॅटूचं तसंच असेल असं मला वाटायचं: माणूस बदलतो, शाई तीच. पण शाईसुद्धा 'तीच' राहते म्हणजे काय? सुई शाई कातडीच्या आतल्या थरात सोडते आणि तिथल्या पेशी ती गिळून धरतात. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं की या पेशी मरतात, शाई सुटते आणि नव्या आलेल्या पेशी ती पुन्हा गिळतात. कायमचा टॅटू म्हणजे हातोहात पुढे दिलेली शाई. त्यात हळूहळू कडा पुसट होतात.

पुसट कडा मी पहिल्यांदा पाहिल्या त्या आजीच्या हातावर. कपाळावर आणि हनुवटीवर हिरवे ठिपके, डाव्या हातावर तुळशीवृंदावन, आणि त्याखाली एका बाईचं नाव. आमच्या घराण्यात त्या नावाचं कुणी नाही. आजी आठ-नऊ वर्षांची असताना जत्रेत गोंदवलेलं. सोनंनाणं इथेच राहतं, बाईबरोबर वर फक्त गोंदण जातं, असं ती म्हणायची. नाव कुणाचं विचारलं की एकदा म्हणाली, माझ्या मैत्रिणीचं, तिच्या हातावर माझं आहे. दुसऱ्या वेळी म्हणाली, लहानपणी गेलेल्या बहिणीचं. शेवटच्या आजारात म्हणाली, माझंच, लग्नाआधीचं.

तिन्ही उत्तरं मी ऐकली आहेत आणि खरं कुठलं हे कळायला आता मार्ग नाही. लेनर्डने असं होऊ दिलं नसतं. त्याने एक उत्तर निवडून पक्कं केलं असतं. आजीने ते उघडं ठेवलं. तिला निवड नव्हती, हेही विसरायचं नाही: कुणीतरी हात घट्ट धरून, रडत असताना गोंदवलं होतं. चित्र दुसऱ्यांनी ठरवलं. मग अर्थ तरी तिने स्वतःकडे ठेवला, हवा तेव्हा बदलला. 'माझं शरीर, माझी गोष्ट' म्हणणाऱ्या आमच्या पिढीला निवड मिळाली, पण प्रत्येक टॅटूखाली एकच कॅप्शन लिहायची सवयही लागली.

लेनर्डच्या छातीवर डावीकडे एक जागा रिकामी आहे, खुनी सापडला की तिथे लिहायचं म्हणून. सिनेमाच्या शेवटाकडे क्षणभर ती भरलेली दिसते, आणि ते खरं की कल्पना हे सिनेमा सांगत नाही. माझी रिकामी जागा डाव्या हातावर आहे. आजीच्या हाताचा एक फोटो फोनमध्ये आहे, नाव पुसट पण वाचता येतं. टॅटू काढणारी मुलगी म्हणाली, अक्षरं स्वच्छ करून देते. मी नको म्हटलं. आहे तसंच हवंय, कडा पसरलेल्या, हिरवट. पुढच्या महिन्यात जाणार आहे. कुणी विचारलं हे कोण, तर त्या दिवशी जे उत्तर खरं वाटेल ते देईन.